नाकातलं वजन

कंट्रोल लाइनचं विमान, म्हणजे हातातल्या हँडलला तारांनी जोडून वर्तुळात उडवायचं मॉडेल, बांधताना आमच्या वेळी धास्ती असायची ती शेपटाची. हल्ली तक्रार ऐकू येते ती नेमकी उलटी. मॉडेल नोज हेवी झालंय, शेपटात किती शिसं घालू? आराखडा जुनाच, मापंही तीच, तरी विमान पुढे झुकतं. बदललंय ते त्यात जाणारं सामान.

नोबलरचंच घ्या. अमेरिकेतल्या जॉर्ज ऑल्ड्रिचचं हे स्टंट मॉडेल 1952 सालचं. सुमारे सव्वा मीटर पंखविस्तार, आणि पंखाला एलिव्हेटरशी जोडलेले फ्लॅप, म्हणजे एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली. नाकात ड्यूक फॉक्सचं फॉक्स 35 बसायचं. दोनशे ग्रॅमच्या आतलं इंजिन, आणि मफलर नाही. त्या नाकाची लांबी त्या इंजिनाच्या हिशेबानं ठरलेली होती. मागच्या बाजूला मात्र रेशीम किंवा टिश्यू, त्यावर डोपचे थर, फिलर, घासणं आणि पुन्हा डोप. विमान आरशासारखं चमकायचं, पण प्रत्येक थर थोडं वजन ठेवून जायचा, आणि शेपटावरचं वजन लांबच्या टोकाला असल्यामुळे दुपटीतिपटीनं जाणवायचं. म्हणून शिसं जायचं ते नाकात.

आज त्याच आराखड्यावर मफलरवालं दणकट इंजिन चढतं आणि शेपटाला इस्त्रीनं चिकटणारी हलकी प्लास्टिक फिल्म लागते. पुढे भर, मागे घट. नाक खाली जाणारच.

आपल्याकडे या छंदाची वाट बहुतेकांसाठी एनसीसीच्या एअर विंगमधून गेली. 1950 साली ती सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या स्क्वाड्रनांपैकी एक मुंबईत होती. परदेशी इंजिनं आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मीळ. हाती यायची ती बरेचदा कलकत्त्याला बनलेली छोटी डिझेल इंजिनं; रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारी. त्या ईथरचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. बाल्सा इक्वेडोरसारख्या दूरदेशीचं लाकूड, त्यामुळे त्याच्या पट्ट्या सोनाराच्या निगुतीनं वापरल्या जायच्या. फळीच्या धडाचं ट्रेनर मॉडेल आणि पुढे जडसर डिझेल, म्हणजे ते विमान नाकाकडे जड असायचंच. नवशिक्याला ते सोयीचं होतं. नाक जड असलं की विमान शांत उडतं, हातातल्या हँडलची थरथर लगेच एलिव्हेटरवर उमटत नाही. पाठीमागे जड असलेलं मॉडेल मात्र पहिल्याच फेरीत डोलायला लागतं आणि सावरायच्या आत जमिनीवर आपटतं.

स्टंटला हा शांतपणा चालत नाही. चौकोनी लूपमध्ये विमानानं जमिनीपासून दीड मीटरवर झटकन सरळ व्हायचं असतं. नाकजड मॉडेल तिथे वळायला वेळ लावतं; कोपरा गोल होतो, वैमानिक हँडल आणखी ओढतो, वेग मरतो. इंजिन बंद पडल्यावर तर ते तरंगत येत नाही, खालीच बसतं.

मला मनापासून आठवते ती त्या काळची बांधायची पद्धत. काहीही कायमचं चिकटवण्याआधी सगळे भाग टाचण्या आणि रबरबँडांनी तात्पुरते जोडायचे. इंजिन, टाकी, चाकं, प्रॉपेलर, सगळं जागच्या जागी. पंखाखाली दोन्ही बाजूंना बोटं धरायची आणि गुरुत्वमध्य बघायचा. स्टंट मॉडेलला तो पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पंधरा ते पंचवीस टक्क्यांत हवा. शेपटावर अजून कापड-डोप चढायचं आहे, हे धरून मॉडेल त्या टप्प्यावर थोडं पुढेच झुकलेलं ठेवायचं. फार झुकलं तर उपाय तेव्हाच हातात असायचे: इंजिनाचे लाकडी बेअरर मागे सरकवायचे, नाक आखूड करायचं, किंवा धडातली पंखाची खाच पुढे घ्यायची. सेल्युलोज सिमेंट वाळायला वेळ घ्यायचं, आणि त्या वेळात माणूस विचार करायचा.

हिशेब करून बघा. मफलरचे साठ ग्रॅम गुरुत्वमध्याच्या वीस सेंटिमीटर पुढे आहेत असं धरू. ते तोलायला पंचावन्न सेंटिमीटर मागे, शेपटात, बावीस ग्रॅम शिसं लागेल. विमान एकूण ब्याऐंशी ग्रॅमनं जड झालं. आणि वजन दोन टोकांना गेलं. असं विमान तराजूवर बरोबर दिसतं, पण वळायला सुरुवात करताना कुरकुरतं आणि वळणं थांबवतानाही. तोल साधला म्हणून स्वभाव सुधारला असं होत नाही. म्हणून शिसं हा मला नेहमीच शेवटचा उपाय वाटला आहे. मफलर आतून पोखरून हलका करा, जड स्पिनर बदला, लाकडी प्रॉपेलर लावा. नाकातून काढलेला ग्रॅम शेपटात घातलेल्यापेक्षा केव्हाही चांगला.

आज तयार किट खोक्यातून निघतं तेव्हा पंख, शेपूट, फिल्म सगळं झालेलं असतं. संध्याकाळी जोडलं, सकाळी मैदानावर. यातून अनेक मुलं छंदाकडे वळली, ते चांगलंच झालं. पण नाकाची लांबी कारखान्यानं ठरवलेली असते आणि नाक जड आहे हे कळतं तेव्हा बदलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी आजच्या बांधणाऱ्यांचा हेवा करतो, ती म्हणजे बॅटरी. इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये सगळ्यांत जड वस्तूच सरकवता येते. दीडदोन सेंटिमीटर मागे घेतली की नाकातला जडपणा निघून जातो, एक ग्रॅमही न वाढवता. शिवाय इंधनाच्या टाकीसारखी ती उडता उडता रिकामी होत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत तोल पहिल्या फेरीचाच राहतो. आमच्या टाक्या नाकातच असायच्या. उड्डाणाच्या सुरुवातीला विमान जड वाटायचं आणि उतरताना हलकं, आणि हात त्याप्रमाणे बदलावा लागायचा.

बॅटरी मागे सरकवली की पंखाच्या टोकाजवळून बाहेर येणाऱ्या लीडआउट तारांचा मार्गदर्शकही मागे घ्यायला हवा, हे बरेच जण विसरतात. तारा गुरुत्वमध्याच्या किंचित मागून निघाल्या तर नाक वर्तुळाबाहेर थोडं वळतं आणि तारा ताणलेल्या राहतात. गुरुत्वमध्य मागे आणि तारा पुढेच राहिल्या, तर तोच ताण जातो आणि अठरा मीटरच्या तारा ऐन डोक्यावरच्या वळणात सैल पडतात. म्हणून हल्ली पंखाच्या टोकाशी मार्गदर्शक सरकता ठेवतात. टाचण्या-रबरबँडांवर तोल बघून मगच गोंद लावायची जुनी पद्धत, आणि त्यावर ही सरकती बॅटरी व सरकता मार्गदर्शक, असं नोबलर आज कुणी बांधलं तर त्याला शिशाचा कणही लागू नये.