सामनेवाला क्रमांक तीन

२०१४ साली माझ्या बायकोने बारामतीच्या कोर्टात माझ्यावर दावा लावला. हे वाक्य कुणाला ऐकवलं की ऐकणारा आधी खुर्ची जवळ ओढतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "काय हो, या वयात?" म्हणून आधीच सांगून टाकतो, की ज्या दिवशी दावा दाखल झाला त्या दिवशी आम्ही दोघं एकाच रिक्षातून कोर्टात गेलो, तिच्या वकिलाची फी मी दिली, आणि परत येताना भिगवण चौकात तिने मला उसाचा रस पाजला. खरं तर ऊस या वस्तूचं तोंड बघायची तेव्हा आमची दोघांचीही इच्छा नव्हती. पण मागवला तिने आणि पैसे मी दिले, तेव्हा घटस्फोटाची शंका कुणी मनात आणू नये.

त्याचं असं झालं. निमगाव केतकी ही माझी सासुरवाडी. पानमळ्यांचं गाव. त्या वर्षी जानेवारीत मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याने काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन असं जायचं. (जंक्शन हे गावाचं नाव आहे. तिथे आगगाडी येत नाही.) गळीत हंगाम ऐन भरात. ज्यांनी हा रस्ता हंगामात पाहिलेला नाही त्यांना सांगतो, की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर दुमजली ऊस, ट्रॅक्टरवर कर्णे आणि रंगीत दिवे, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागे काहीही नाही. पुढून वरात, मागून अमावस्या.

दिवस मावळून गेला होता. शेळगाव मागे पडलं होतं आणि आमचा वाद रंगात आला होता. वाद पाकिटाचा. माझं म्हणणं, पाचशे एक. हिचं म्हणणं, सख्ख्या भावाची मुलगी आहे, हजार एक. चालत्या मोटरसायकलवर नवऱ्याची बाजू तशी लंगडीच असते, कारण मागच्या माणसाला सगळं ऐकू जातं आणि पुढच्याला निम्मंच ऐकू येतं. म्हणून ठासून सांगण्यासाठी मी मान वळवली. "पाचशे" म्हणालो, आणि "एक" म्हणायच्या आत ट्रॉली आली. आली म्हणजे ती उभीच होती. चाक पंक्चर झालं होतं, आणि ड्रायव्हर ती रस्त्याच्या मधोमध टाकून जॅक आणायला गेला होता.

मी पाचटावर पडलो, ही डांबरावर. माझं कोपर खरचटलं आणि सफारीचं एक बटण गेलं. हिचा उजवा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला. आत पट्टी घालून स्क्रू बसवले, वरून प्लॅस्टर घातलं. भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्याकडे बघायचा आणि "तुम्हाला काही नाही ना झालं?" असं विचारायचा. प्रश्न काळजीचाच होता, पण मला तो दरवेळी आरोपासारखा वाटायचा.

आमचे वकीलसाहेब माझे जुने विद्यार्थी. शाळेत असताना मराठीत पस्तीसच्या वर कधी गेले नाहीत, आणि आता तेच मला शब्दांचे अर्थ सांगत होते. "सर, गाडी तुमची, चालवत तुम्ही होता. मॅडम मागे बसलेल्या. म्हणजे दोन वाहनांचा अपघात. दोन्ही मालक आणि दोन्ही विमा कंपन्या पार्टी करायला लागतील."

"म्हणजे मी आरोपी?"

"छे छे! आरोपी ट्रॅक्टरवाला. ती फौजदारी केस इंदापूर कोर्टात. तिथे तुम्ही साक्षीदार. इथे बारामतीत तुम्ही सामनेवाले. क्रमांक तीन."

एक ट्रॅक्टरमालक, दोन त्याची कंपनी, तीन मी, चार माझी कंपनी. लग्नपत्रिकेनंतर आम्हा दोघांची नावं एकाच कागदावर छापली गेली ती तेव्हाच, मात्र या वेळी मधोमध 'विरुद्ध' हा शब्द होता. पत्रिकेवर तो छापायचा राहून गेला होता, असं हिचं मत पडलं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली असे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. न्यायाधिकरण म्हणजे वेगळी इमारत असेल असं मला वाटलं होतं, पण कोर्ट तेच, न्यायाधीश तेच, फक्त टोपी वेगळी. आमच्या वेळी अर्जाला मुदत नव्हती, म्हणून आम्ही चार महिने कोणता वकील करायचा याचाच विचार केला. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची अट घातली आहे, तेव्हा आमच्यासारखा विचार कुणी करत बसू नये. दुसरी गोष्ट विम्याची. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेला माणूस त्यात येत नाही. आमच्या एजंटाने मला न विचारता पूर्ण पॅकेज गळ्यात मारलं होतं, आणि त्या जास्तीच्या पैशांवरून मी त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हतो. अपघातानंतर मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्याला वाटलं, मुलगा पास झाला.

वकील म्हणाले, "आता मॅडम घरी काय काय कामं करायच्या, त्याची यादी द्या. प्रतिज्ञापत्रात घालायची आहे." मी तिथल्या तिथे खिशातलं पेन काढलं. स्वयंपाक, धुणं, भांडी, झाडलोट. चार कामं झाली. पाचवं आठवेना. वकील थांबले, मी छताकडे पाहिलं, आणि मग "इत्यादी" असं लिहिलं. तीस वर्षं मराठी शिकवताना मुलांच्या निबंधातला 'इत्यादी' मी तांबड्या शाईने खोडत आलो होतो.

पुढचे अडीच महिने मी त्या 'इत्यादी'त काढले. नळ पहाटे सव्वापाचला येतो, पावणेसहाला जातो, हे मला पंधरा वर्षांच्या वास्तव्यानंतर कळलं. विरजण दुधात घालायचं असतं, दूध विरजणात नाही, हेही कळलं. आईची पांढरी गोळी जेवणाआधी, पिवळी जेवणानंतर, आणि तिने घेतली म्हणून सांगितली तरी उशीखाली हात घालून बघायचं. मटकी आदल्या रात्री भिजवायची, म्हणजे उद्या काय खायचं ते काल ठरलेलं असायला हवं, आणि हा विचार माझ्या डोक्यात जन्मात कधी आला नव्हता. मोलकरणीचे खाडे, गॅसचा नंबर, भिशीचा हप्ता, धाकट्याचा डबा, थोरलीचा फोन, वर्षाचं काळं तिखट, उन्हाळ्यातले सांडगे, आलेल्या आहेरांची वही आणि त्या वहीवरून कुणाला परत किती द्यायचं याचा हिशेब. (त्या वहीत मेहुण्याच्या नावापुढे हजार एक लिहिले होते. ते मी पाहिलं आणि वही मिटवली.) मी वकिलांकडे गेलो तेव्हा माझ्या हातात फुलस्केपची सात पानं होती. ते म्हणाले, "सर, एवढं कोर्ट वाचणार नाही." मी म्हटलं, "मग निदान तुम्ही वाचा. तुमचं लग्न ठरलंय असं ऐकतो."

आता या सात पानांची किंमत काय? त्या वेळी कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. ज्याला कमाई नाही त्याचं उत्पन्न वर्षाला पंधरा हजार धरा, आणि बायको असेल तर नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. माझा पगार छत्तीस हजार. म्हणजे ही महिना बारा हजार. "मग उरलेले दोन तृतीयांश कोण?" हिने विचारलं. मी काही बोललो नाही, तरीही संध्याकाळी मला एक तृतीयांश कप चहा मिळाला. तोही डाव्या हाताने ओतलेला असल्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. वकिलांनी मग २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला. २००१ च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत, काही न कमावणाऱ्यांत बसवलं होतं, त्यावर न्यायमूर्तींनी चांगलंच फटकारलं होतं. हिने तो निकाल मला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा.

याच सुमारास वकिलांचा कारकून फोनवर निरोप देऊन गेला, "सरांना सांगा, सरला वर्मा मिळाल्यात, उद्या सकाळी या म्हणावं." फोन हिने घेतला होता. त्या रात्री घरात जी शांतता पसरली तिच्यावर कोर्टाचा कुठलाही मनाई हुकूम चालला नसता. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला, की सरला वर्मा हा २००९ सालचा निकाल आहे आणि त्यात वयाप्रमाणे गुणकाचा तक्ता दिलेला आहे. वर्षाच्या नुकसानीला त्या आकड्याने गुणायचं. सेहेचाळीस ते पन्नास वय असेल तर तेरा, एक्कावन्न ते पंचावन्न असेल तर अकरा.

आणि इथे गाडी अडली. हिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६२. आमच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे, कारण पोराला शाळेत घालताना गुरुजींना तेवढीच तारीख आठवायची. खरं म्हणजे हिचा जन्म, सासूबाई शपथेवर सांगतात त्याप्रमाणे, पानशेत फुटल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, तुकोबांची पालखी निमगावात आली त्या दिवशीचा. पानशेत फुटलं १९६१ च्या जुलैत, म्हणजे हा १९६३ चा आषाढ. अपघाताच्या दिवशी ही पन्नाशीची होती आणि गुरुजींच्या हिशेबाने एक्कावन्नची. जन्मभर जिच्या वयाबद्दल मी चकार शब्द काढला नाही, तिचं वय एका वर्षाने कमी व्हावं म्हणून मी निमगावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत आणि सासूबाईंच्या ट्रंकेत शोध घेतला. काही सापडलं नाही. कोर्टापुढे पालखीचा दाखला चालत नाही.

तारखा पडत गेल्या. बारामतीच्या तारखेला मी बाकावर बसून मोरोपंतांचा विचार करायचो. याच गावात राहून त्यांनी केकावली लिहिली. ती म्हणजे तरी काय, देवाच्या दारात घातलेला अर्जच. फरक इतकाच, की देवाच्या वकिलाने उत्तरादाखल मुदत मागितली नाही. इंदापूरच्या तारखेला एस.टी.ने जायचं, कारण ही मोटरसायकलवर बसेना. तिथल्या लढाईत मालोजीराजे कामी आले, आणि त्यांच्यामागे जहागीर लहानग्या शहाजीराजांच्या नावे झाली असं सांगतात. कोर्ट फी नाही, उलटतपास नाही. मी हे साक्षीला आलेल्या पंचांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, त्यांच्यामागं निजामशाही व्हती. तुमच्यामागं कोन हाय?"

मधे लोकअदालतीत दोन्ही कंपन्यांनी मिळून सत्तर हजार देऊ केले. मी तयार होतो. हिने विचारलं, "यात माझ्या कामाचे किती?" कंपनीचे वकील म्हणाले, "बाई, हे दवाखान्याच्या बिलांचे आहेत." ही उठली.

मग हिची साक्ष. आदल्या रात्री मी तिला हळूच म्हटलं, "मान वळवल्याचं सांगायलाच पाहिजे असं नाही." ती काही बोलली नाही. पिंजऱ्यात उभी राहिली, आणि पहिल्याच प्रश्नाला सांगून मोकळी झाली, की ट्रॉलीला मागे दिवा नव्हता आणि हे माझ्याकडे वळून बोलत होते. दोन्ही खरं होतं. सामनेवाला क्रमांक तीन याने खाली मान घातली. निदान तेव्हा तरी पुढे बघायला हवं होतं.

उलटतपासाला कंपनीचे वकील उठले. "तुम्ही नोकरी करत नाही?"

"नाही."

"पगार मिळत नाही?"

"नाही."

"मग नुकसान कशाचं झालं?"

"पगार नव्हता म्हणून सुट्टीबी नव्हती, साहेब," ही म्हणाली. एरवी ही शुद्ध बोलते, पण राग आला की निमगाव वर येतं. "तीस वर्षांत पहिली सुट्टी मिळाली ती हात मोडून. ह्यांना विचारा नुकसान कशाचं झालं ते. सात पानं लिवल्यात त्यांनी."

न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. लिहिताना ते हसत होते असं मला वाटलं, पण माझा चष्मा घरी राहिला होता.

निकाल २०१८ मध्ये लागला. चूक निम्मी ट्रॉलीची, निम्मी माझी. मागे बसणाऱ्याची काही नाही, म्हणून हिचं एक पैसाही कापला नाही. घरकामाचे महिना पाच हजार धरले, म्हणजे वर्षाला साठ हजार. कायमचं अपंगत्व पंधरा टक्के, म्हणजे नऊ हजार, गुणिले अकरा, नव्व्याण्णव हजार. तेरा असते तर एक लाख सतरा हजार झाले असते. त्या गुरुजींनी एका टाकाच्या फटक्यात आमचे अठरा हजार घालवले. दवाखाना, वेदना, मदतनीस धरून एकूण दोन लाख दहा हजार चारशे आणि वर व्याज. त्यातली बरीचशी रक्कम कोर्टाने हिच्या नावे बँकेत ठेव म्हणून ठेवायला सांगितली. पावतीवर माझं नाव नाही, वारस म्हणूनही नाही. मी चौकशी केली.

हात बरा झाला, पण मनगट पूर्ण वळत नाही. भाकरी थापायला बसली की तिसऱ्या भाकरीला ती थांबते, हात झटकते, आणि पुढच्या मी थापतो. माझ्या भाकरीला कडा नसतात, नकाशा असतो. पंधरा टक्के म्हणजे कागदावर किती थोडं दिसतं. ताटात पडल्यावर कळतं.

२०२१ साली वर्तमानपत्रात सर्वोच्च न्यायालयाच्या आणखी एका निकालाची बातमी आली. २०१९ च्या सरकारी पाहणीचे आकडे त्यात दिले होते. घरच्या बिनपगारी कामाला बाई दिवसाची २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७. हिने चष्मा लावून बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अहो सामनेवाले," ती म्हणाली, "तुमची आजची सात झाली. नव्वद राहिलीत. चहा टाका."