आधी नक्कल काढ

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी मला घडवलं, त्यांत पुण्याच्या एका डेटा सेंटरमधले वरिष्ठ सहकारी मला सर्वांत आधी आठवतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. लिनक्सवरच्या स्टोरेजचं मला जे काही कळतं, त्याचा पाया त्यांनी घातला.

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये व्हॉल्यूमला जागा कबूल केली जाते मोठी, पण डिस्कवरचा ब्लॉक मिळतो तो प्रत्यक्ष काही लिहिलं जाईल तेव्हाच. कोणत्या व्हॉल्यूमचा कितवा ब्लॉक डिस्कवर कुठे आहे, हे फक्त मेटाडेटाला ठाऊक. काका सांगायचे, "डेटा ही जमीन, मेटाडेटा हा सातबारा. सातबारा फाटला तरी जमीन जागेवरच असते. कोणाची, ते मात्र सांगता येत नाही."

एका रात्री वीज गेली आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर अशा व्हॉल्यूम्सना ब्लॉक पुरवणारा थिन पूल उघडेना. तपासणीच्या 'थिन_चेक' या साधनाने मेटाडेटात बिघाड दाखवला. एका ग्राहकाची सगळी व्हर्च्युअल मशीन्स त्या पूलवर होती आणि जो तो दुरुस्तीची घाई करत होता. काका फोनवर एवढंच म्हणाले, "थांब. आधी नक्कल काढ, मग हात लाव." आणि तशा रात्री ते स्वतः येऊन माझ्या शेजारी बसले.

मेटाडेटा पूलमधून बाहेर काढून त्याची जशीच्या तशी प्रत घेतली. त्या प्रतीवर त्यांनी दुरुस्तीचा पर्याय लावून 'थिन_डंप' चालवलं. बी-ट्रीमध्ये गुंतलेल्या नोंदी एक्सएमएलच्या साध्या ओळींत उलगडल्या : डिव्हाइस कोणतं, ब्लॉक कुठून सुरू होतात, सलग किती आहेत. घड्याळाकडे न बघता काकांनी मला त्या ओळी वाचायला शिकवलं. प्रत्येक डिव्हाइसचा हिशेब आमच्या नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हाच 'थिन_रिस्टोअर'ने तो नव्या मेटाडेटा व्हॉल्यूममध्ये उतरवला. पहाटे पूल उघडला.

हे ऋण एकट्या काकांचं नाही. डिव्हाइस मॅपरमधला थिन पूल जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ या लिनक्स कर्नलपासून उपलब्ध झाला. रेड हॅटच्या जो थॉर्नबर यांनी तो लिहिला आणि त्याच्या जोडीची ही साधनंही घडवली. आधी सी++ मध्ये असलेली साधनं पुढे रस्टमध्ये नव्याने लिहिली गेली. ती मुक्त परवान्याखाली असल्याने आमच्यासारख्यांना एक पैसाही न मोजता वापरता आली. बिघडलेला मेटाडेटा माणसाला वाचता येईल अशा मजकुरात उतरवण्याची सोय थॉर्नबर यांनी ठेवली, म्हणून काकांना मला काही शिकवता आलं.

थिन पूल सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चालू पूलचा डंप काढायचा असेल, तर आधी मेटाडेटा स्नॅपशॉट घ्या. डंपला बॅकअप समजू नका. त्यात तुमच्या डेटाचा एक बाइटही नसतो. आणि हे सगळं शेजारी बसलेल्या नव्या मुलाला किंवा मुलीला वेळ काढून शिकवा.