जावयाची हौस, लेकीची सही

‘कूपे’ म्हटलं की आमच्या पिढीच्या बायकांना आठवते ती आगगाडी. माझं लग्न झालं १९८१ साली. मुंबईहून सांगलीला येताना आमच्या ह्यांनी हौसेनं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं होतं आणि नशिबानं दोघांचाच कूपे मिळाला होता. त्यामुळे २०२३ च्या एप्रिलमध्ये लेकीचा फोन आला, “आई, तू ये लवकर, इकडे ह्याच्या डोक्यात कूपे घ्यायचं खूळ शिरलंय,” तेव्हा मला काही उलगडाच होईना. आगगाडीचा डबा विकत कसा घेणार?

मग कळलं की दोन दारांच्या, ऐटबाज, बुटक्या छपराच्या मोटारीलाही कूपेच म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ ‘कापलेला’. मोठी गाडी कापून दोघांपुरती केली, तो कूपे. आणि जावयांना हवी होती ती नवी नव्हे, तर १९८९ सालची जुनी मर्सिडीज, ३०० सीई.

मे महिन्यात मी श्टुटगार्टला पोचले. मुंबईचं हे भगिनी-शहर, १९६८ पासून. पण दोघींत साम्य म्हणाल तर शोधावंच लागेल! श्टुटगार्ट वसलंय एखाद्या कढईत. मध्ये शहर, चारी बाजूंनी चढ, आणि त्या चढांवर चक्क शहरातच द्राक्षांचे मळे. ठिकठिकाणी दगडी जिने चढून जावं लागतं. माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवली.

लेकीच्या दारावर एक छोटी पाटी टांगलेली दिसली. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, “ह्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. झाडून झालं की पाटी शेजारच्यांच्या दाराला.” ह्या पद्धतीला तिथं ‘केअरवोखे’ म्हणतात. श्वाबियाची, म्हणजे त्या भागाची माणसं, काटकसर आणि नेटकेपणा ह्यांबद्दल साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध. आपल्याकडच्या काही घराण्यांची आठवण यावी, इतकी!

पण घरातलं वातावरण काही नेटकं नव्हतं. दुसऱ्याच रात्री भिंतीपलीकडून बोलणं कानावर आलं. दोघंही नोकरी करतात, आणि घर घेण्यासाठी सहा वर्षं पैसे साठवताहेत. त्यातले चौदा हजार युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेबारा लाख रुपये, जावयांना ह्या गाडीत घालायचे होते. “तुझी हौस, पण पैसे दोघांचे,” लेक म्हणत होती. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मैत्रिणींनो, लेकीच्या घरी गेलेल्या आईला भांडणापेक्षा अशा शांततेचीच जास्त धास्ती वाटते.

जावयांची बाजूही मला कळत होती. ते वाढले पिंपरीत. १९९५ साली ह्याच घराण्यातली चार दारांची मर्सिडीज तिथल्या टेल्कोच्या कारखान्यात बनू लागली, तेव्हा ते शाळकरी होते. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून त्यांनी ती रस्त्यावर पाहिली होती, ती डोळ्यांत राहून गेली. माणसाची हौस अशी कुठून तरी लहानपणातूनच येते. कुणाची पैठणीची, कुणाची मोटारीची.

पहिल्या शनिवारी त्यांनी मला मर्सिडीजचं संग्रहालय दाखवलं. २००६ साली उघडलेली ही इमारत आहे. लिफ्टनं थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि गोलगोल उतरत खाली यायचं. इतक्या चकचकीत मोटारी पाहिल्या, पण मनात राहिली ती एका बाईची गोष्ट. कार्ल बेंझनं १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी, लग्नापूर्वीच, त्याचा धंदा बुडू नये म्हणून स्वतःच्या हुंड्याचे पैसे त्यात घालणारी होती बर्था. पुढे १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन तिनं मानहाइमहून फोर्त्सहाइम गाठलं. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. आणि निघाली होती कुठे? माहेरी, आईकडे! वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य घेऊन तेच ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. लेक पाटीवरचं मला वाचून दाखवत होती. मध्येच थांबून नवऱ्याला म्हणाली, “पैसे तिचे आणि पेटंट त्याच्या नावावर.” जावई काही बोलले नाहीत.

त्याच दुपारी पहिली गाडी पाहायला गेलो. शहराबाहेर एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. चंदेरी रंग, आरशासारखी झळाळी, आत अत्तराचा घमघमाट. जावई हरखलेच. पण त्यांच्याबरोबर आलेल्या कारखान्यातल्या मित्रानं आधी इंजिनावरच्या झाकणावर हात ठेवला. ते गरम. म्हणाला, “आपण येणार म्हणून आधीच चालू करून ठेवलंय. गार इंजिन कसं सुरू होतं, निळा धूर येतो का, हे आपल्याला कळू नये म्हणून.”

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण अत्तर कशासाठी मारतात ते कळतं. मी आत बसले, पायाखालची कोरी चटई उचलली आणि खालच्या गालिच्यावर हात दाबला. ओला! पावसाळ्यात पोतं कुबट यावं तसा वास. आत कुठून तरी पाणी येत होतं. मग त्या मित्रानं विचारलं, “कुणाकडे लोहचुंबक आहे का?” माझ्या पर्समध्ये सकाळीच घेतलेलं फ्रिजला लावायचं चित्र होतं. ते रुमालात गुंडाळून त्यानं मागच्या चाकावरच्या कमानीला लावलं. दाराला घट्ट चिकटलेलं ते चुंबक तिथं मात्र गळून पडलं. पत्रा गंजून गेलेला, वर लांबी भरून रंग दिलेला. आम्ही मुकाट्यानं निघालो. येताना लेक माझ्याकडे बघून हसली. आठवड्यातलं पहिलं हसू!

दुसरी गाडी होती बाड उराखला. श्टुटगार्टहून तासाभराची वाट. वाटेत मेत्सिंगन लागतं, जिथं नामांकित कपड्यांची स्वस्त दालनं आहेत आणि जिथं आम्ही मोठ्या निग्रहानं थांबलो नाही. मग सफरचंदांच्या बागा आणि पुढे डोंगराच्या कुशीतलं हे गाव. लाकडी तुळयांच्या चौकटीत बांधलेली जुनी घरं, मध्ये दगडी चौक, कारंजं.

गाडीची मालकीण ऐंशीच्या घरातली एक आजीबाई. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. गॅरेज असं झाडलेलं की जमिनीवर पापड वाळत घालावेत. गाडीवर जुन्या चादरी शिवून केलेली खोळ. ती काढली आणि खाली गडद निळी कूपे. ह्या गाडीला पुढच्या आणि मागच्या काचांमध्ये खांबच नाही, चारही काचा खाली केल्या की सज्जात बसल्यासारखं वाटतं.

नंबराच्या पाटीवर शेवटी ‘एच’ अक्षर होतं. तीस वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात नीट राखलेल्या गाडीलाच ते मिळतं. मग कर वर्षाला ठोक १९१ युरो, आणि शहरातल्या प्रदूषणबंदीच्या भागातही शिरता येतं. शेजारी बारीक आकडे होते, ०४ आणि १०. म्हणजे गाडी फक्त एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर. हिवाळ्यात तिथं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठानं लोखंडाचं काय होतं हे लोणच्याच्या बरणीला पत्र्याचं झाकण लावून पाहिलेल्या बाईला सांगायला नको!

आजीबाईंनी कागद मांडले. सर्व्हिसच्या शिक्क्यांचं पुस्तक होतंच, शिवाय दर दोन वर्षांनी होणाऱ्या सरकारमान्य तपासणीचे सगळे दाखले. प्रत्येकावर गाडी किती चालली तो आकडा. मित्रानं ते ओळीनं लावून पाहिले, कुठे उडी नाही, कुठे माघार नाही. शेवटचा आकडा एक लाख अडतीस हजार. आणि सगळ्यात खाली एक वही. यजमानांनी दर वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर, सारं बारीक अक्षरात. माझ्या सासूबाईंची दूधवाल्याची वही अशीच असायची.

इंजिन गार होतं. किल्ली फिरवताच सुरू झालं, धूर नाही. जॅक लावायच्या जागी गंज नाही, बॅटरीखालचा पत्रा कोरडा. टायर मात्र दिसायला नवे, तरी बदलायलाच हवे होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं होतं २००९. चौदा वर्षांचं रबर! आपल्याकडे गाडी घेतानाही हे जरूर वाचावं.

तेवढ्यात आजीबाईंनी एक साधाच प्रश्न विचारला. लेकीनं तो मला मराठीत सांगितला, “विचारताहेत, घेणार कोण तुमच्यातलं?”

जावई म्हणाले, “मी.” आणि मग बायकोकडे बघून गप्प झाले.

आजीबाईंनी किल्ली लेकीच्या हातात दिली. म्हणाल्या, “माझ्याकडे परवाना होता, तरी बत्तीस वर्षं मी शेजारच्या सीटवरच बसले. ते म्हणायचे, ही जपून चालवायची गाडी आहे. ते गेल्यावर एकदाच चालवली, औषधाच्या दुकानापर्यंत. काही अवघड नव्हतं. आता डोळे साथ देत नाहीत.”

लेक चालकाच्या जागी बसली. दार लावून किल्ली फिरवली तशी मागून एक बारकीशी दांडी सरसर पुढे आली, टोकाला सीटचा पट्टा धरून. पंगतीत कुणी अदबीनं पाण्याचा तांब्या पुढे करावा, तशी! आम्ही सगळ्याच हसलो. काचेला एकच वायपर, पण जवळजवळ सगळी काच पुसतो. डोंगराच्या वळणांवर तिनं गाडी अर्धा तास फिरवली. जावई मागे माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, हूं की चूं न करता बसले होते.

त्या दिवशी सौदा केला नाही, हे मला सर्वांत आवडलं. घरी येऊन दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसली. पेट्रोल लिटरला आठ-नऊ किलोमीटर, लिटरचा भाव एक युरो ऐंशी सेंटच्या आसपास. विमा, टायर. सुट्या भागांची चिंता कमी, कारण जुन्या मर्सिडीजचं कंपनीचं केंद्र श्टुटगार्टला लागूनच, फेलबाखला आहे. मग लेकच म्हणाली, “कामाला तर आपण दोघंही लोकलनं जातो. रोजची छोटी गाडी विकली तर?” ती साडेनऊ हजाराला जाणार होती. म्हणजे घराच्या पैशांतून काढायचे ते साडेचारच हजार. मी मध्येच बोलले, “आणि हिवाळ्यात पाच महिने गाडी नसणार, दूध-बटाटे कोण आणेल?” “मी,” जावई म्हणाले. ह्या वेळी ‘मी’ म्हणताना अडखळले नाहीत.

पुढच्या शनिवारी खरेदीच्या करारावर दोघांनीही सह्या केल्या. नोंदणी मात्र एकाच माणसाच्या नावावर होते. ती लेकीच्या नावावर झाली. आजीबाईंनी वहीसुद्धा दिली. म्हणाल्या, पुढची पानं कोरी आहेत.

घर वर्षभर लांबलं, हे खरं. हे शहाणपण की वेडेपण, मी ठरवू शकत नाही. पण त्या रात्री भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज आले, आणि मला झोप चांगली लागली.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडेही एक फिकट पिवळी फियाट होती. माझ्या बांगड्या मोडून घेतलेली. १९९८ साली एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर दारात ती नव्हती. ह्यांनी विकून टाकली होती. चांगला भाव आला, म्हणाले. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते.

श्टुटगार्टहून फोनवर मी ह्यांना सगळी हकिगत सांगितली. नोंदणीचंही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग हे म्हणाले, “फियाट विकताना तुला विचारायला हवं होतं.”

पंचवीस वर्षांनी का होईना! मी म्हटलं, “गॅसचा नंबर लावलाय ना?” आणि फोन ठेवला.