लाल रेघ कुठल्या बाजूला?

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन भेटलं आणि घरी काय करतात असं विचारलं, की मी सांगते, "आईचा केबलचा व्यवसाय आहे, नवनगरला." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे टीव्हीची केबल का?" एका आजोबांनी तर त्यांच्या घरी कुठले चॅनल दिसत नाहीत, तेही तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्यामुळे या अंकासाठी लिही म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. आमच्या घराच्या खालच्या खोलीत गेली सत्तावीस वर्षं काय बनतं, ते एकदा नीट सांगते. आणि त्या खोलीचं पुढे काय करायचं ठरलं, तेही.

जुना कॉम्प्युटर उघडलेला पाहिला असेल, तर हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत गेलेली राखाडी चपटी पट्टी आठवेल. जवळून पाहिलं तर त्या शेजारी शेजारी चिकटलेल्या तारा असतात आणि एका कडेची तार लाल असते. हीच फ्लॅट रिबन केबल. बाजारात तिला 'एफआरसी' म्हणतात. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सिकॉइल नावाच्या कंपनीने ती पहिल्यांदा काढली असं मानलं जातं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. पुढे १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड मिळून एकच महानगरपालिका झाली. आमचं नवनगर या दोन गावांच्या मध्ये. कॅन्सर हॉस्पिटल आणि पोलीस आयुक्तालय इथेच आहे, म्हणून बाहेरच्यांना ते नावाने तरी माहीत असतं.

बाबा हुबळीच्या एका कारखान्यात फिटर होते. १९९८ मध्ये तिथलं काम सुटलं. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एक हँडप्रेस, एक कटर, एक मल्टिमीटर आणि केबलची चार रिळं घेतली. माल बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून यायचा. सुरुवातीला शेजारीपाजारी आईला म्हणायचे, "वहिनी, भांडवल कमी पडलं का? यापेक्षा पापड-मसाल्याचं काम बरं." आईने दोन्ही केलं. वर स्वयंपाकघरात मसाला, खाली केबल. मसाला तीन वर्षांत बंद झाला, केबल राहिली. २०११ मध्ये बाबा गेले, त्यानंतर सगळं आईनेच पाहिलं.

आता काम कसं चालतं ते सांगते. या केबलमधल्या दोन शेजारच्या तारांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर असतं, म्हणजे एका इंचाचा विसावा भाग. दहा तारांची केबल अर्धा इंच रुंद होते, चाळीस तारांची साधारण पाच सेंटिमीटर. प्रत्येक तारेच्या आत तांब्याच्या सात बारीक धाग्यांचा पीळ असतो. इतक्या बारीक तारा एकेक सोलून डाग द्यायचा म्हटलं, तर चाळीस तारांना दोन्ही टोकं मिळून ऐंशी डाग द्यावे लागतील. ते टाळण्यासाठी कनेक्टरमध्येच युक्ती केलेली असते. त्यात प्रत्येक तारेसाठी दोन दातांचा एक छोटा काटा असतो. दातांमधली फट तांब्यापेक्षा किंचित अरुंद असते. कनेक्टर केबलवर ठेवून प्रेस दाबला, की दात प्लास्टिकचं आवरण कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. ती पकड इतकी घट्ट असते की आत हवा शिरत नाही आणि तांबं काळं पडत नाही. एका दाबात चाळीसच्या चाळीस जोड तयार. सोलणं नाही, डाग नाही, धूर नाही.

हे ऐकून कुणालाही वाटेल, मग यात अवघड काय आहे? अवघड एवढंच, की दाब एकदाच देता येतो. केबल अर्ध्या तारेइतकी जरी सरकली, तरी काटा दोन तारांच्या मधोमध बसतो आणि शॉर्ट होतो. टोक तिरकं कापलं, तर तांब्याचा एखादा धागा बाहेर राहून शेजारच्या तारेला टेकतो. चुकलेला कनेक्टर उपटून पुन्हा लावायचा नसतो, तो कचऱ्यात टाकायचा. म्हणून आमच्याकडे प्रेसच्या दांड्याला हात लावण्याआधी एक प्रश्न मोठ्याने विचारायची पद्धत आहे. कनेक्टरवर पहिल्या पिनपाशी एक छोटा त्रिकोण असतो आणि केबलची लाल तार त्या त्रिकोणाकडे हवी. कामाला येणाऱ्या सगळ्या बायका कन्नड बोलणाऱ्या. त्यामुळे दिवसभर खोलीत एकच वाक्य ऐकू येतं, "केंप गेरी एल्लि?" लाल रेघ कुठे? समोरची बोट लावून दाखवते आणि मग दांडा खाली येतो. पुस्तकातलं कन्नड शाळेत शिकायच्या कितीतरी आधी हे वाक्य मला येत होतं.

तयार केबल प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी असते. कुणाला दहा तारा हव्या असतात, कुणाला चौतीस. कुणाला मध्ये तिसरा कनेक्टर लागतो, तर कुणाची केबल पेटीच्या कोपऱ्यातून काटकोनात वळवून न्यायची असते. ऑर्डर आली की आईचे प्रश्न सुरू होतात. लांबी कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत मोजलीय की टोकापासून टोकापर्यंत? केबल कुठे घासणार आहे का? दार उघडझाप होताना ती हलणार का? जवळ गरम होणारं काही आहे का? पलीकडचा माणूस कधीकधी कंटाळून म्हणतो, "मॅडम, साधी केबल तर आहे." आई म्हणते, "साधी आहे म्हणूनच विचारते, सर. बिघडली तर शेवटी तिच्याकडे लक्ष जातं."

हे वाक्य मला पटलं ते पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर. मी हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि आमच्या कंपनीत यंत्रांची चाचणी करते. एखादं यंत्र कधी चालतं, कधी बंद पडतं अशी तक्रार आली, की आधी प्रोग्रॅमवर शंका घेतात, मग आयसीवर, मग वीजपुरवठ्यावर. दोन दोन दिवस जातात. शेवटी कुणीतरी केबलला बोटाने हलवतं आणि पडद्यावरचे आकडे नाचायला लागतात. आमच्या खोलीत प्रत्येक केबल तपासणीच्या बोर्डावर लावून, दिवे लागलेले असतानाच हलवून पाहतात. एकही दिवा लुकलुकला तरी ती केबल बाद.

एक प्रसंग सांगते. एका कारखान्याकडून सोळा तारांच्या तीनशे केबलींची ऑर्डर आली. एका टोकाला कंट्रोल कार्ड, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेचं कार्ड. सोबत चित्र आणि तक्ता होता. तक्त्यात दोन्ही टोकांना लाल तार एक नंबरच्या पिनवर होती. चित्रात मात्र दुसऱ्या टोकाला लाल रेघ सोळा नंबरच्या पिनपाशी काढलेली. आईने फोन केला. तिथले इंजिनिअर म्हणाले, "चित्र बरोबर आहे, तसंच करा." आईने विचारलं, "सर, एक नंबरवर काय आहे?" ते म्हणाले, "पाच व्होल्ट." "आणि सोळावर?" "ग्राउंड." म्हणजे चित्राप्रमाणे केबल केली असती, तर डिस्प्लेला उलटा पुरवठा गेला असता.

आईने वाद घातला नाही. तिने दोन नमुने केले. एकावर 'चित्राप्रमाणे' आणि दुसऱ्यावर 'तक्त्याप्रमाणे' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि सोबत लिहिलं, 'वीज न देता आधी मीटरने तपासावे.' चार दिवसांनी नवीन चित्र आलं. पहिल्या चित्रात एक कनेक्टर समोरून पाहून काढला होता आणि दुसरा मागून. नव्या चित्रात दोन्हींखाली 'मागून पाहिल्यास' अशी ओळ होती. पत्रात आभार वगैरे काही नव्हतं. आई म्हणाली, "ती ओळ घातली ना, बस झालं." नाहीतर सहाशे कनेक्टर कचऱ्यात गेले असते आणि पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण झालं असतं ते वेगळंच. आईचं शिक्षण दहावीपर्यंतचं आहे, हे सांगितलं पाहिजे.

असं असलं तरी धंदा वाढत गेला असं मी म्हणणार नाही. कॉम्प्युटरमधून ही केबल २००३ नंतर हळूहळू गेली, कारण तिथे साटा नावाची बारीक केबल आली. ठरावीक लांबीच्या तयार केबली बाहेरून इतक्या स्वस्त येतात, की आमच्या नुसत्या कनेक्टरची किंमत तेवढी होते. मोठी दोन गिऱ्हाइकं त्या भावामुळेच सुटली. राहिले ते पन्नास किंवा तीनशे नग हवे असणारे, आपल्या मापाचंच मागणारे लोक. वजनकाटे, यूपीएस, कारखान्यातले कंट्रोल पॅनल बनवणारे. त्यांच्यावर पाच घरं चालतात. एक आमचं, चार कामाला येणाऱ्या बायकांची.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि सगळ्यांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी परत येणार की खोली बंद होणार? माझे मामा म्हणाले, "मुलगी शिकली, बाहेर लागली. आता कशाला ओढाताण? प्रेस विकून टाक, खोली भाड्याने दे." मलाही मनातून दोनच वाटा दिसत होत्या. आईने तिसरी काढली. रात्री जेवताना म्हणाली, "मी हे अक्काला देणार आहे."

अक्का म्हणजे सगळ्यांत जुन्या. अठरा वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या, तेव्हा तारा मोजतानाही घाबरायच्या. आता भाव सांगणं सोडलं तर सगळं त्याच करतात. मी विचारलं, "देणार म्हणजे? विकत?" आई म्हणाली, "प्रेसचे पैसे जमतील तसे देतील. खोलीचं भाडं देतील. गिऱ्हाइकांचे पैसे कुठले मागायचे? ती त्यांनीच सांभाळलीत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा वाटा जातोय, म्हणून आधी तुला विचारते."

मी लगेच हो म्हणाले नाही. दोन रात्री हिशेब केला. खोलीचा, प्रेसचा आणि त्या नावाचा, जे बाबांनी स्वतः पाटीवर रंगवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, तेव्हा अक्का नव्या मुलीला केबल कापायला शिकवत होत्या. मुलीने घाईने दांड्याला हात घातला, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "केंप गेरी एल्लि?" मी वर येऊन आईला हो म्हणून सांगितलं.

एक अडचण मात्र होती. आईची वही. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आहे. त्यावर केबलचा एक तुकडा चिकटवलेला आणि खाली लांबी, तारा, वळण, पूर्वीच्या तक्रारी. सगळं मराठीत. अक्कांना ती ओळींनी नाही, तुकड्यांवरूनच ओळखू यायची. म्हणून मी तीन आठवड्यांची रजा आणि मग दर महिन्याचा एक शनिवार-रविवार त्यासाठी ठेवला. आई वाचते, मी कन्नडमध्ये लिहिते, अक्का दुरुस्त करतात. 'ताण पडू नये म्हणून वळणापाशी दोन बोटं सैल सोडणे' या एका ओळीवर आमची अर्धा तास चर्चा झाली, कारण 'दोन बोटं' कुणाची हा प्रश्न अक्कांनी काढला. शेवटी मोजून ३५ मिलिमीटर लिहिलं. आई म्हणाली, "बघ, माझ्या वहीपेक्षा तुझी चांगली होणार."

आपल्यापैकी बऱ्याच घरांत असं काहीतरी असेल. पिठाची गिरणी, शिवणाचं मशीन, छापखाना, खानावळ. मुलं घेणार नाहीत म्हणून ते बंद करायचं ठरत असेल. माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगते, आधी खाली जाऊन पाहा, ते काम रोज कोण करतंय. आणि घरात कन्नड लिहिता-वाचता येणारे तुम्हीच असाल, तर वहीचं काम तुमच्याकडेच येणार आहे. आमची एकसष्ट पानं झाली आहेत. अजून चोवीस राहिली आहेत.