हिशेब जुळू नये म्हणून

नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या कुठल्याही गटाचा सातबारा आज मोबाईलवर निघतो. भोगवटादार कोण, क्षेत्र किती, फेरफार कुठला, ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा किती, सगळं उघडं. चार एकर वरकस बाळगणाऱ्याचं कर्ज शेजाऱ्यापासून जमिनीच्या दलालापर्यंत कुणालाही वाचता येतं. मात्र एखाद्या बिनशेती झालेल्या गटावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव लागलं की वाचन अडतं. नेटाने शोध घेणारा कंपनी निबंधकाकडून संचालक आणि भागधारकांची नावं मिळवेल. पण भागधारकच मॉरिशसची कंपनी असेल आणि तिची मालकी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या ट्रस्टकडे असेल, तर पुढे माणसाचं नाव सापडत नाही. राजकारणी अशा बेटांकडे का वळतात, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे कर चुकवायला. मला ते अपुरं वाटतं. व्यापाऱ्याला कर वाचवायचा असतो; सत्तेतल्या माणसाला त्याहून मोलाचं काही हवं असतं. त्याने घेतलेला निर्णय आणि त्याच्याकडे आलेला पैसा या दोन नोंदी कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहू नयेत, ही त्याची खरी गरज.

याचा उत्तम दाखला रायगडच्याच माणसाचा आहे. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, आणि त्याच वर्षी सिमेंटचं प्रकरण बाहेर आलं. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, कोटा सरकार देई. बिल्डर कोटा घेत होते आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना देणग्या देत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये या दोन गोष्टींचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली नाही, पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. तो भाग वेगळा. मुद्दा असा की कोट्याची नोंद मंत्रालयात होती आणि देणगीची न्यासाच्या दप्तरात, दोन्ही मुंबईतच. तारखा आणि नावं जुळवता आली. तो न्यास पनामात असता तर लेंटिन यांच्यासमोर अर्धाच पुरावा आला असता.

‘परदेशात कंपनी काढणं बेकायदा नाही,’ हा आक्षेप खरा आहे. रिझर्व्ह बँक निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ देते. पण आइसलँडचे तेव्हाचे पंतप्रधान गुनलॉगसन यांनीही हेच म्हटलं होतं, आणि सगळा कर भरल्याचंही सांगितलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’ या फुटलेल्या कागदपत्रांमधून त्यांच्या पत्नीची विंट्रिस नावाची कंपनी उघड झाली. बुडालेल्या आइसलँडी बँकांची ती धनको होती आणि त्याच बँकांच्या धनकोंशी वाटाघाटी पंतप्रधानांचं सरकार करत होतं. स्वतःचा अर्धा हिस्सा त्यांनी २००९ च्या शेवटच्या दिवशी पत्नीला एका डॉलरला विकला होता. असे हितसंबंध जाहीर करायला लावणारा नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होत होता. त्यांचं पद गेलं. कराचा एक पैसाही बुडाला नाही असं धरलं, तरी लोकांची फसवणूक तितकीच मोठी राहते.

दुसरा आक्षेप जवळचा आहे: इथल्या पुढाऱ्याला बेटं कशाला, त्याचा पैसा जमिनीत जातो. जातो खरा, पण ते दोन रस्ते वेगळे नाहीत. फुगवलेल्या बिलांतून बाहेर गेलेली रक्कम परदेशी गुंतवणूक म्हणून परत येऊ शकते. १९८२ च्या करारानुसार मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीचा शेअरविक्रीचा नफा इथे करमुक्त होता. ती सवलत एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गुंतवणुकीसाठी काढली गेली. करसवलत आटली, आडोसा मात्र तसाच आहे.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आहे ना, असंही म्हणतील. आहे. २०१९ पासून नमुना २६ मध्ये परदेशी ठेवी आणि ट्रस्टमधले हितसंबंधही सांगावे लागतात. पण कमावत्या मुलाची, भावाची, मेहुण्याची मालमत्ता त्यात येत नाही, आणि छाननीच्या वेळी निवडणूक अधिकारी मजकूर खरा की खोटा हे तपासत बसत नाही. रकाना भरला आहे ना, एवढंच पाहतो. दुसरीकडे, २०१८ च्या नियमांनुसार कंपनीत दहा टक्के किंवा अधिक खरा हिस्सा असणाऱ्या व्यक्तीचं नाव कंपनीने निबंधकाला कळवायचं असतं. ती माहिती सगळ्यांसमोर उघडी करायची म्हटली तर खासगीपणाचा प्रश्न उरतोच, आणि तो सामान्य भागधारकापुरता मलाही मान्य आहे. पण जो माणूस कर्जतमधून मतं मागतो आणि उद्या याच तालुक्यातल्या जमिनींचा झोन बदलणाऱ्या सरकारात बसू शकतो, त्याच्यापुरती ती माहिती प्रतिज्ञापत्राला जोडायला आणि कंपनीच्या सातबाऱ्यावर दिसायला हरकत कसली? सोसायटीचा बोजा त्या पानावर दिसतोच आहे.