उतरणीवरचं इंजिन

लूना आणि चेतकवर हात काळे केलेल्या माणसाला टू-स्ट्रोक वेगळं शिकवावं लागत नाही. पेट्रोलमध्ये मापून टाकलेलं ऑइल, घाटात पकडलेला पिस्टन, शर्टाच्या टोकाला पुसलेला प्लग हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून अल्ट्रालाइट विमानाचं रोटॅक्स इंजिन पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ते घरचंच वाटलं. या इंजिनांचं कूळही बर्फावरच्या स्नोमोबाइलचं, म्हणजे जमिनीवरचंच. पण चेतक बंद पडली की आडवी करून पुन्हा किक मारता येते. वर ती सोय नाही. हे इंजिन कधीही बंद पडू शकतं, असं कंपनी स्वतःच मॅन्युअलमध्ये बजावते.

रोटॅक्सचं 503 घ्यावं की 582, असं लोक विचारायचे. 503 म्हणजे पंख्याच्या हवेवर थंड होणारं, 50 अश्वशक्तीचं. 582 पाण्यावर थंड होतं, ताकद 65 च्या आसपास, पण त्याबरोबर रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट असा गोतावळा येतो. मे महिन्याच्या उन्हात दोघांना घेऊन उडायचं तर ही ताकद हवीच. एकट्याने उडणाऱ्याला मात्र मी 503 सांगायचो. होजच नाही तर फुटणार काय? आता ते बनायचं बंद झालंय, जुनंच शोधावं लागतं. जुनं घेताना सगळे किती तास चाललंय ते विचारतात. मी विचारतो, किती दिवस उभं होतं?

ही खोड मला एका हौशी मालकामुळे लागली. ‘फक्त नव्वद तास झालेत हो,’ असं सांगत त्याने इंजिन आणलं. दोन पावसाळे ते पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. क्रँककेस उघडली तर बेअरिंगच्या गोळ्यांवर मोहरीएवढे तांबूस डाग. बोटाने फिरवलं की बारीक कचकच हाताला लागे. फोर-स्ट्रोकला खाली ऑइलचा साठा असतो. इथे पेट्रोलबरोबर आलेलं असेल तेवढंच, 20 लिटरला 400 मिली. तो पातळ थर ओघळला की दमट हवेला मोकळं रान. ओव्हरहॉल 300 तासांनी करायचं असतं. या क्रँकने पुढचे तीसही काढले नसते. मालक बराच वेळ गप्प होता.

तेव्हापासून इंजिन उभं राहणार असेल तर शेवटच्या वेळी चालू असतानाच हवेच्या तोंडातून स्टोरेज ऑइल मारतो, पांढरा धूर निघेपर्यंत. मग कार्ब्युरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड बंद. मिसळलेलं पेट्रोल डब्यात साठवत नाही. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं. काही जण आठवड्यातून एकदा प्रोपेलर हाताने फिरवून ठेवतात. मला ते पटत नाही. उरलासुरला थरही त्याने पुसला जातो.

चढताना इंजिन ओरडतं म्हणून नवखे घाबरतात. मला भीती उतरताना. थ्रॉटल मिटलेलं असतं, पण वाऱ्यामुळे प्रोपेलर इंजिनाला फिरवतच राहतो. पेट्रोल आखडलं की ऑइलही आखडलं. 582 चं आणखी एक दुखणं: लांब उतरणीत रेडिएटरमधलं पाणी गार पडतं. मग एकदम पूर्ण थ्रॉटल दिलं की पिस्टन झटकन फुगतो, त्याच सुमारास थर्मोस्टॅट उघडून गार पाणी सिलिंडरभोवती येतं, सिलिंडर आक्रसतो आणि पिस्टन पकडला जातो. हाताखालचा पोरगा एकदा उतरून म्हणाला, ‘काका, शेवटची पाच मिनिटं इंजिनाला आराम दिला.’

‘आराम देऊ नकोस बाबा, तेल दे. मधूनमधून थोडं थ्रॉटल उघड.’

तपासणीत प्लगचा रंग सगळेच बघतात. मी आधी कार्ब्युरेटरमागचं रबरी सॉकेट अंगठ्याने वाकवून बघतो. तिथे केसाएवढी चीर असली तरी जादा हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. मग सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारायची. प्रोपेलर हळूहळू फिरवला की रिंगा त्या खिडकीत येतात. पिस्टनवर उभे ओरखडे नाहीत ना, ते बघायचं आणि उदबत्तीच्या काडीने रिंग दाबायची. दबून परत वर आली पाहिजे.

परवा प्रोपेलरकडच्या सिलिंडरची वरची रिंग दाबली, तर काडी मोडली. पोरगा म्हणाला, ‘पण काका, आवाज तर एकदम छान येतोय.’ मी त्याच्याकडे पाना सरकवला.