आई वरच्या खोलीत होती

‘दीवार’ न पाहिलेला माणूस आपल्यात मिळणं कठीण. पण दोन भाऊ, एक सरळ, एक वाकड्या वाटेचा, आणि मधे आई, हाच खेळ हॉलिवूडने १९३१ साली ‘द पब्लिक एनिमी’मध्ये मांडला होता. सलीम-जावेदनी तो समोर ठेवून लिहिलं असं मला म्हणायचं नाही. ‘दीवार’चे पूर्वज शोधायला ‘मदर इंडिया’ आणि ‘गंगा जमना’ पुरेत. तरी एक गोष्ट मजेशीर आहे. सलीम खान आपल्या इंदूरचे, वडील पोलीस अधिकारी. आणि ‘पब्लिक एनिमी’तल्या टॉमचा बापही पोलीस, पोराला पट्ट्याने झोडणारा.

टॉम झालाय जेम्स कॅग्नी. उंची बेताची, अंगाने किरकोळ, मूळचा नाचणारा. ते त्याच्या चालण्यात दिसतं, सतत चवड्यांवर. ही भूमिका आधी एडवर्ड वुड्सला दिली होती आणि कॅग्नी त्याचा मित्र होणार होता. दिग्दर्शक विल्यम वेलमनने अदलाबदल केली. अर्धं ग्रेपफ्रूट बाईच्या तोंडावर दाबण्याचा प्रसंग फार गाजला. मला तो आज बघवत नाही.

दारूबंदीच्या काळात चोरटी बिअर विकून टॉम पैसा करतो. मोठा भाऊ माइक ट्रामवर कंडक्टर, रात्री शिकायला जातो. टॉम आईला नोटांची गड्डी देऊ करतो, माइक अडवतो, टॉम नोटा फाडून त्याच्या तोंडावर फेकतो. आई मधे उभी. पैसे कुठून आले, हे ती विचारत नाही. ‘दीवार’मधली आई निदान मोठ्या मुलाचा बंगला सोडून धाकट्याबरोबर निघून जाते.

कृष्णपुऱ्यातल्या घरी एका रविवारी पोहे झाल्यावर मी हा चित्रपट टीव्हीवर लावला. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून संवाद सांगत होतो. या प्रसंगाला आई म्हणाली, “बिचारी काय करणार? पोराने प्रेमाने आणलंय.” आजी म्हणाली, “विचारायचं, कुठून आणलंस.”

दोघी नुसत्या सिनेमावर बोलत नव्हत्या. त्याच्या आदल्या महिन्यात मला एका बेटिंग अ‍ॅप करणाऱ्या कंपनीची ऑफर आली होती, पगार दीडपट. आईने आकडा विचारला, आजीने कंपनी काय विकते ते. मी नाही कळवलं. आईला ते अजून पटलेलं नाही, आणि घराचा हप्ता बघता तिचं अगदीच चुकतं असंही मला म्हणता येत नाही.

शेवटी टॉम घरी येतोय असा फोन येतो. आई आनंदाने वर जाऊन त्याचा पलंग आवरते, गुणगुणते. खाली ग्रामोफोन चालू. माइक दार उघडतो. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला, दोरीने बांधलेला टॉम दारात उभा, आणि तसाच तोंडावर कोसळतो. ‘दीवार’च्या विजयला शेवटी आईची मांडी तरी मिळाली.

इथे मला काहीच सांगावं लागलं नाही. तबकडी संपली, सुई खरखरत राहिली. आजीने एवढंच विचारलं, “ती अजून वरच आहे का रे?”

“हो,” मी म्हटलं. आईने रिमोट घेऊन आवाज कमी केला.